लालबाग ते परळ: तात्यांचे पाच थांबे

मिरजेला परत आल्यापासून जो तो विचारतो, मुंबईत काय काय पाहिलं? खरं सांगते, राणीची बाग पाहिली नाही, समुद्र पाहिला तो जेमतेम दहा मिनिटं, आणि ज्या नव्या पुलांचे फोटो मोबाइलवर फिरत असतात त्यांच्यावरून न जाता खालूनच चालले. पाच दिवसांत मी मन लावून पाहिलं ते एका माणसाचं चालणं. आणि तेही आधी चुकीचंच पाहिलं. माझ्या धंद्यातल्या बाईने असं चुकणं म्हणजे सोनाराने पितळ घेऊन घरी येणं. लिहिताना लाज वाटते आहे, पण त्या चुकीचा शेवट इतका गोड झाला की लाज गिळून लिहिते.

धंदा आधी सांगते. मी एका हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे अठरा वर्षं तंत्रज्ञ आहे. माणसाच्या धमन्यांची तब्येत बाहेरून मोजायची, हे माझं काम. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधायचे, पेनाएवढं डॉप्लर कातडीवर टेकवायचं आणि आत वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकायचा. ऐकण्याच्या बाबतीत मी जरा ताठ्यातच असते. माझे वडील तंबोरे करायचे. तारांचा झणकार जुळवायला जवारी लावताना मला शेजारी बसवायचे आणि कुठल्या तारेत खोट आहे ते विचारायचे. त्याच कानांवर पुढे मी पोटापाण्याला लागले.

आमच्या डॉक्टरांनी धमन्यांचा ताठरपणा मोजणारं नवं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला परळला धाडलं. राहायचा प्रश्न शेजारच्या सुरेखाने सोडवला. तिचं माहेर लालबागचं. "लॉज शोधलास तर पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली. "माझे तात्या आणि माई आहेत तिथे. तात्या तुला सगळं दाखवतील. गप्पिष्ट आहेत फार."

बुधवार, लालबाग

परळच्या नाक्यावर उतरले तर तात्या परब हजर. सत्तरीचे, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, त्यांची जवानी गेली. गिरणी बंद झाल्यावर एका बँकेच्या दारावर पहारेकरी होते. "सुरेखाची मैत्रीण नीला तूच ना? चल. पंधरा मिनिटांवर हाय घर," म्हणाले आणि माझी बॅग ओढून घेतली.

पंधरा मिनिटांचा रस्ता आम्ही पाऊण तासात कापला. पुलाखालच्या पेपरवाल्याकडे तात्या थांबले, एक मथळा वाचला, त्यावर दोघांनी सरकारला शिव्या घातल्या. मग दूध केंद्र. तिथल्या बाईच्या मुलीचा दहावीचा निकाल विचारला. मग एक शिंपी. त्याला माझी ओळख करून दिली, "ही नसांची डॉक्टर". मी डॉक्टर नाही म्हणेपर्यंत त्याने मनगट पुढे केलं होतं. चौथा थांबा सावंतांच्या कांडपाचा. दारात मिरच्यांचे ढीग, आत मुसळं धडाधडा मसाला कुटतायत, आणि मला शिंकांवर शिंका. तात्यांनी मात्र स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसले. सावंतांचा जावई पुण्यात हॉटेल उघडणार आहे, ते दोन वर्षं उघडतंच आहे, याची साद्यंत हकिकत आम्ही ऐकली. सध्या आचारी पळाल्यामुळे अडलं होतं. पाचवा थांबा गणपती मंडळाच्या ओट्याचा. मग चाळ आणि दोन जिने. मधल्या मजल्यावर तात्यांनी एका दाराशी उभं राहून आतल्या म्हातारीच्या सर्दीची चौकशी केली.

मी हरखून गेले होते. मिरजेत रस्त्यात कोणी भेटलं तर गाडी बंद न करता "काय, कुठं?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढे जातो. इथे दीड किलोमीटरवर माणसं माळेसारखी ओवलेली. मुंबईतल्या लोकांना वेळ नसतो म्हणतात ते कोणी पसरवलं कोण जाणे. मी सुरेखाला फोन करून सांगितलंसुद्धा, तुझे वडील म्हणजे लालबागचे नगराध्यक्ष आहेत.

माईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. आमच्याकडे तिखट म्हणजे कांदा-लसूण चटणी, जिभेला चटका देऊन जाते. हे तिखट हळूच घशात उतरून मग कानात पोचतं. "काटो बघान खा गो," माई म्हणाल्या, आणि मी मान डोलावता डोलावताच काटा गिळला. दोन मुठी भात कोरडा खायला लावून त्यांनी तो उतरवला, वर वाटीभर सोलकढी पाजली. त्या गडबडीत मला कोपऱ्यातली ट्रंक दिसली. दोरीने बांधलेली. शेजारी दोन पिशव्या आणि कापडात गुंडाळलेले देव.

"आयतवारी दिनेश येतलो," माई म्हणाल्या. "टेम्पो घेऊन. बदलापुराक नेतलो आमका."

दिनेश त्यांचा मुलगा. बदलापूरला नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याचं म्हणणं, बाबांचं वय झालं, दोन जिने झेपत नाहीत, कोपऱ्यावरून भाजी आणायला त्यांना दीड तास लागतो. मुलगा वाईट नव्हता, दर रात्री फोन करून जेवलात का विचारायचा. पण तात्या एकोणिसाव्या वर्षी या खोलीत आले होते आणि त्यांना इथून हलायचं नव्हतं. माई सांगत होत्या तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून पिशवीतली कोथिंबीर निवडत होते. मला त्यांची फार दया आली.

गुरुवार, परळ

प्रशिक्षणाला आम्ही आठ जण. शिकवायला एक डॉक्टरबाई, बुटक्या, चटपटीत, कानामागे पेन्सिल. यंत्र साधं होतं. हृदयाने एक ठोका दिला की त्याची लाट धमनीतून पुढे जाते. दंडावर आणि घोट्यावर पट्टा बांधून ती लाट कुठे कधी पोचली ते मोजायचं. धमनी लवचिक असेल तर लाट रमतगमत जाते, ताठर असेल तर पळत सुटते. मला हे लगेच पटलं. ताणलेल्या तारेवर छेड कशी पळते हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.

मग यंत्राने आमच्याच धमन्यांचं वय काढलं. माझं वय सेहेचाळीस. यंत्र म्हणालं त्रेपन्न. सगळे माझ्याकडे सांत्वनाला आल्यासारखे बघू लागले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "सकाळी काही खाल्लंत?" उपाशीपोटी या, चहासुद्धा नको, असं पत्रात ठळक छापलं होतं. आणि मी नाक्यावर मिसळ, दोन पाव आणि दोन कटिंग असा ऐवज भरून आले होते. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा मोजलं तेव्हा पन्नास आलं. एका रात्रीत तीन वर्षांनी तरुण झाले, तरी चार वर्षांचा हिशेब लागत नाही तो नाहीच.

दुपारी आणखी एक तपासणी केली, ती मला सगळ्यात आवडली. कोपराखाली पट्टा करकचून आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं. हात मुंग्यांचं वारूळ होतो. मग पट्टा एकदम सोडायचा आणि दंडातली धमनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघायची. रक्ताचा लोंढा आला की निरोगी धमनी किंचित रुंद होते, पाहुणे आले की घरातली माणसं सरकून जागा करतात तशी. जिला सरकता येत नाही तिची काळजी करायची. माझी सरकली. त्रेपन्नाचा अपमान मी तिथे भरून काढला.

जाता जाता बाईंनी सांगितलं, शनिवारी प्रत्येकाने एक वयस्क माणूस सोबत आणायचं, सरावाला. मी मनातल्या मनात तात्यांचं नाव लिहून टाकलं.

शुक्रवार, गिरगाव

अर्धी सुट्टी होती. माईंनी तात्यांना हुकूम सोडला, पोरीला गिरगाव दाखवा. बसने गेलो. आधी एका जुन्या उपाहारगृहात कोथिंबीर वडी, थालीपीठ आणि पियूष. मिसळसुद्धा मागवली, पण गिरगावची मिसळ आमच्या मानाने फार सभ्य. तिखट की गोड हे ती चारचौघांत सांगत नाही. पियूष मात्र दोन पेले प्याले.

मग खोताची वाडी. एका बाजूला रहदारी, आणि आत वळलं की दोन माणसं जेमतेम जातील एवढी गल्ली, लाकडी सज्जे, जिने घराबाहेर काढलेले, निळे-पिवळे रंग. थोडं चालल्यावर तात्या एका घराच्या बाहेरच्या पायरीवर सरळ बसले. वर खिडकी उघडली. फुलाफुलांचा झगा घातलेल्या एक आजी डोकावल्या.

"कोण पाहिजे तुमाला?"

"कोण नाय. घर बघतोय. लाकूड सागाचं काय?"

झालं. आजी खाली आल्या. त्यांचं नाव फिलोमिना, आम्ही फिलूमावशी म्हणायचं असं त्यांनीच ठरवलं. घराचं लाकूड, मग घरातला मसाला, मग त्यांचा बाटलीत भरायचा मसाला थोर की तात्यांचा मालवणी, असा वाद पेटला. वाद मिटवायला त्यांनी आतून तळलेले फुगे आणले, गोल, हलके, किंचित गोड. तात्यांनी तिसरा उचलला आणि हार मान्य केली. "मावशी, मसाल्याचं नंतर बघू, फुग्यात तुम्ही जिंकला." पाऊण तास गेला. तात्यांना अख्ख्या मुंबईत अनोळखी असं कोणी नाहीच, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे. ते पान अजून फाडलेलं नाही, स्वतःला शिक्षा म्हणून.

चौपाटीवर मात्र तात्या म्हणाले, "तू जाऊन ये पाण्यापर्यंत. मी बसतो हय." मला वाटलं, जन्म मुंबईत काढलेल्या माणसाला समुद्राचं काय कौतुक. मी दहा मिनिटांत पाय भिजवून आले. ते बाकावर बसून पाण्याकडेच बघत होते.

शनिवार, पुन्हा परळ

तात्यांना बजावलं होतं, चहा नाही, खाणं नाही, तंबाखू तर नाहीच. आणि उशीर झाला होता, म्हणून मी पुढची अटही घातली: वाटेत गप्पा नाहीत. तात्या "बरं" म्हणाले.

ओट्यापाशी थांबले नाहीत. सावंतांनी हाक मारली, तर लांबूनच हात हलवला. शिंप्याचं दुकान अजून उघडायचं होतं. तिथून पुढे एका नव्या टॉवरची लांबच लांब पत्र्याची भिंत लागते. ना दुकान, ना दार, ना ओळखीचं चिटपाखरू. त्या भिंतीच्या मध्यावर तात्या थांबले आणि पत्र्यावरची जाहिरात वाचू लागले. तीन खोल्यांची घरं, पोहण्याचा तलाव. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली.

"तात्या, घ्यायचंय का घर?"

"बघतोय. तलाव किती मोठा हाय ते."

मी घड्याळ बघत चिडचिड करत होते. त्यांचा उजवा हात पोटरीवर होता, तो मी पाहिला. पाहिला आणि सोडून दिला.

पोचल्यावर त्यांना दहा मिनिटं उताणं निजवलं. नव्या यंत्राआधी जुनी तपासणी करायची होती, माझ्या हातची: दंडातला रक्तदाब आणि घोट्यातला रक्तदाब यांची तुलना. दोन्ही साधारण सारखे हवेत, घोट्याचा थोडा जास्तच. भागाकार एकच्या आसपास यावा. पॉइंट नऊच्या खाली गेला तर पायाकडे जाणारी वाट कुठेतरी अरुंद झाली आहे असं समजायचं.

दंडाला दीडशे. डाव्या घोट्याला थंड जेल लावून डॉप्लर टेकवलं, आवाज मोठा केला. छान, खणखणीत, एका ठोक्यात दोन-तीन पदर असलेला आवाज. तात्यांचा चेहरा उजळला. "साचा चाललाय गो. मागावरचा धोटा जातो-येतो तसा."

मग उजवा घोटा. मी डॉप्लर सरकवलं, कोन बदलला, पुन्हा जेल लावलं. आवाज सापडला तो एकपदरी, भोंगळ, कुठून तरी लांबून येणारा. त्या क्षणी माझे कान काय म्हणतायत ते मला कळलं आणि पाठोपाठ चार दिवसांचं सगळं डोळ्यांपुढून गेलं. पेपरवाला, दूध केंद्र, शिंपी, सावंत, ओटा. सगळे जवळजवळ सारख्या अंतरावर. मधल्या मजल्यावरच्या म्हातारीची सर्दी. फिलूमावशींची पायरी. चौपाटीचा बाक. पत्र्यावरचा पोहण्याचा तलाव. हा माणूस बोलण्यासाठी थांबत नव्हता. थांबावं लागत होतं म्हणून बोलत होता. आणि मी, तंबोऱ्यातली खोट ओळखणारी, शेजारून चार दिवस चालत होते आणि सुरेखाला फोनवर नगराध्यक्षाची गंमत सांगत होते. मला भयंकर शरम वाटली.

तात्या आवाज ऐकत होते. साच्यांच्या गडगडाटात आयुष्य गेलेला माणूस, यंत्र कुठे अडतंय ते त्याला कोणी सांगायला नको. हळूच म्हणाले, "डाव्या पायात कारखाना चालू हाय. उजव्यात संप दिसतोय."

उजव्या घोट्याला एकशे पाच. भागाकार पॉइंट सात.

डॉक्टरबाई आल्या, आकडा पाहिला, पाय हातात घेतला. "तात्या, किती चाललं की पोटरी भरून येते?"

"येत नाय," तात्या छताला म्हणाले.

"दूध केंद्रापासून शिंप्यापर्यंत," मी म्हणाले. "आणि शिंप्यापासून कांडपापर्यंत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची चुगली केली. मग एकदम खुदकन हसले. "त्या सावंताच्या जावयाचा हाटेल माका काय करूचा आसा गो? पाय थंयच बोंबलता, म्हणान बसतंय. दोन वर्सां ऐकतंय." बाजूच्या खाटेवरचे आजोबासुद्धा हसायला लागले.

"दोन वर्षं? आणि घरी सांगितलं नाही?" बाईंनी विचारलं.

"मुलगा आधीच म्हणतो, बाबांचं वय झालं. पाय दुखतो म्हटलं असतं तर त्याच दिवशी टेम्पो आणला असता. बोलत थांबलेला माणूस दुखत थांबलाय असं कोणाला वाटत नाय, लालबागमध्ये तर नायच."

बाईंनी तिथल्या तिथे सोनोग्राफी करून जागा शोधली. मांडीतली धमनी एका जागी अरुंद झाली होती. पायावर जखम नव्हती, निजताना दुखत नव्हतं, त्यामुळे कापाकापीची आज तरी गरज नाही म्हणाल्या. रक्त आणि साखर तपासायला सांगितली, गोळ्या लिहिल्या. बिडी तात्यांनी पूर्वीच सोडली होती, तंबाखूची डबी बाईंनी मागून घेतली आणि परत दिली नाही.

"आणि खरं औषध चालण्याचं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, मग उभं राहायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. रोज अर्धा-पाऊण तास."

"म्हंजे मी करतोय तेच ना?"

"नाही. तुम्ही दुखणं सुरू झालं की लगेच थांबता आणि अर्धा तास स्टुलावर बसता. दुखेपर्यंत चाला, आणि दोन-चार मिनिटांत सावंतांचा निरोप घ्या."

रविवार, लालबाग

दिनेश सकाळीच टेम्पो घेऊन आला. मी त्याला तपासणीचा कागद दाखवला आणि माझी दुसरी चूक होते की काय असं वाटलं. त्याने आकडा नीट ऐकून घेतला आणि म्हणाला, "म्हणजे धमनी खराब आहे. मग तर आजच न्यायला हवं, ताई. तिकडे लिफ्ट आहे."

माई ट्रंकेजवळ उभ्या होत्या. तात्यांनी चपला घातल्या. "दिनू, खाली चल. नीला, तू पण घड्याळ घेऊन ये."

आम्ही तिघं परळच्या दिशेने निघालो. सावंतांच्या दारावरून तात्या सरळ गेले. पुढे कुठलंच दुकान नसलेल्या जागी त्यांचं तोंड पिळवटलं, पाय ओढू लागला, तरी पाच-पंचवीस पावलं गेले आणि विजेच्या खांबाला हात लावून उभे राहिले. बोलायला कोणी नव्हतं, वाचायला जाहिरात नव्हती. भर रस्त्यात एक म्हातारा माणूस दुखतंय म्हणून उभा होता, एवढंच. दिनेशने वडिलांना असं कधी पाहिलं नसावं. तो त्यांच्या काखेत हात घालायला गेला, तात्यांनी मानेनेच नको म्हटलं. तीन मिनिटांनी ते पुन्हा चालू लागले. असं तीनदा झालं.

"दुखत होतं तर सांगायचं ना, बाबा."

"सांगितलं असतं तर नेला असतास." तात्या म्हणाले. "तुझ्याकडं लिफ्ट हाय, सगळं हाय. मी उतरून जाऊ कुठं? वॉचमनशी किती बोलू? बसून ऱ्हाणार मी तिथं, दिनू. आणि त्या डॉक्टरबाईंचं ऐकलं तर, बसलो की संपलो."

दिनेशने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डोळे लाल झाले होते, मिरचीच्या गल्लीवर ढकलायला बरे. "तीन महिने," तो म्हणाला. "मी दर रविवारी येऊन स्वतः मोजणार. न थांबता दोन खांबांच्या पुढे गेलात तर ठीक. नाहीतर ट्रंक बांधायची."

घरी येऊन माईंना सांगितलं. त्यांनी ट्रंकेची दोरी सोडली, गॅलरीत बांधली आणि तिच्यावर ओले कपडे वाळत घातले. मग देव फळीवर मांडले. टेम्पो रिकामा कशाला पाठवायचा म्हणून त्यांनी त्यात एक मोडकी खुर्ची, जुना मिक्सर आणि तात्या कित्येक वर्षं टाकू देत नव्हते ते गंजकं कपाट चढवून दिलं. बदलापूरला त्या कपाटाचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

तीन महिन्यांनी

रजा टाकून गेले. आधी तात्यांना घेऊन परळला. पुन्हा दंड, पुन्हा घोटा. आकडा आला पॉइंट सात. जिथल्या तिथे. माझा चेहरा पडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, आकडा धमनीचा असतो. चालून चालून पाय थोड्या रक्तात जास्त काम करायला शिकतो. चालवून बघा ना त्यांना."

परळच्या नाक्यावर मी घड्याळ सुरू केलं. पेपरवाला गेला. दूध केंद्र गेलं, आतून बाई हात हलवत होत्या. पत्र्याच्या भिंतीवर आता नवी जाहिरात होती, तात्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या भिंतीच्या टोकाला एकदा उभे राहिले, दोन मिनिटं. बस. दिनेशने घातलेली दोन खांबांची अट केव्हाच मागे पडली होती. पुढे शिंपी गेला. मी जवळजवळ धावत होते, आनंदाने आणि दमूनही.

कांडपावरून आम्ही सरळ निघून गेलो तेव्हा सावंत बाहेर आले. कोपरापर्यंत हात मिरचीने लाल. "ओ परब, तीन महिने झाले. दोन मिनिटांच्या वर बसणं नाय, बोलणं नाय. माझं काय चुकलं ते तरी सांगा."

तात्या ऐकून न ऐकल्यासारखं करत मंडळाच्या ओट्यापर्यंत गेले. तिथे थांबले.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाय."

त्यांनी एकदा घराच्या जिन्याकडे पाहिलं, एकदा मागे. मग वळले, तोच रस्ता तेवढ्याच चालीने परत चालत गेले, आणि कांडपाच्या दारातलं स्टूल ओढून ऐसपैस बसले.

"पाय दुखना नाय माझो, सावंता. असोच बसलंय," तात्या म्हणाले. "सांग. हाटेल उघडला काय?"

सावंतांनी हात झटकले, आत दोन चहा सांगितले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी शिंकत शिंकत घड्याळ बंद केलं.